काळं लोखंडही गरम असतं

भट्टीला परवानगी नव्हती.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, खाली बालवाडी भरते,
वर पत्रे आहेत, शेजारी दिघ्याची झोपडपट्टी,
तुम्ही काय ते मातीत शिकवा.

म्हणून आठवी ब ला मी लोखंड
आधी मातीत शिकवलं.
लाल थर, पांढरा थर, पुन्हा लाल,
लाकडी ठोकळ्यानं ठोका,
मग दोऱ्यानं कापा आणि आत बघा:
रेघा तुटत नाहीत, वळतात,
ओढा खडकाला वळसा घालतो तशा.
कापून काढलेल्या आकड्यात रेघ मरते,
ठोकून घडवलेल्यात ती कोपऱ्यावरून चालत जाते.
एवढंच धातुशास्त्र मला येतं.
बाकीचं रबाळ्याच्या फोर्जिंग शॉपमध्ये
सतरा वर्षं कानांनी घेतलं.
एक कान तिथंच राहिला.

दुसऱ्या आठवड्यात जेमक्लिपा.
वाकवा, उलटी वाकवा, पुन्हा वाकवा,
आणि तुटायच्या आत ओठाला लावा.
निकेत भोईर ओरडला, सर, चटका!
वर्गात एक काडीही पेटली नव्हती.

मागच्या बाकावर पूनम साळुंखे.
तिची माती भाकरी होत नव्हती.
ठोका, पाव फेरा, ठोका, पाव फेरा,
चारी धारा सरळ,
कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच.
कुठं शिकलीस?
स्कर्टला हात पुसत म्हणाली,
टीव्हीवर.

त्याच संध्याकाळी ऐरोली नाक्याच्या पुलाखाली
गोणपाटावर मांडलेले विळे, कोयते, एक पहार,
आणि भात्याचं चाक फिरवणारी
शाळेच्याच स्कर्टातली पाठ.
मी रस्ता ओलांडला नाही.
पलीकडच्या टपरीवर उगाच दोन चहा प्यायलो.

मार्चमध्ये परवानगी आली:
मैदानात, नळाजवळ, वाळूच्या दोन बादल्या,
पालकांच्या सह्या, त्यांतले सात अंगठे.
भट्टी म्हणजे टेम्पोचा ब्रेक ड्रम.
वारा सेक्टर पंधरातल्या पार्लरच्या ड्रायरचा,
तापवायचं विसरलेला, फुंकायचं नाही.
ऐरण म्हणजे रुळाचा हातभर तुकडा,
तो कुठून आला ते विचारू नका.

पहिला धडा:
लाल लोखंडाला कुणीही भितं.
तुम्ही काळ्याला भ्या.
निवलंय असं दिसतं, गप्प पडलेलं असतं,
हात लावायच्या आत
पाण्याचा एक थेंब टाका
आणि ते काय म्हणतं ते ऐका.
थेंब टाकला.
चर्र म्हणालं.
पुढची रांग दोन पावलं मागं.

घण कोण मारणार?
सगळे पोरगे बाह्या सरसावून.
पोरीला उचलेल का, कुणीतरी म्हणालं,
आणि मागून, अगदी हळू:
आमच्यात आईच मारते. बाबा धरतो.

कुणी हसलं नाही. हसणार होते.
ती पुढं आली, घणाकडे बघितलंही नाही,
सांडस उचलली, डाव्या हातात नीट बसवली,
उजव्यात लहान हातोडी.
सर, घण तुम्ही घ्या.
मी टिक करीन तिथं मारा.

टिक.
मारला.
टिक, अर्धा बोट उजवीकडे.
मारला.
पाव फेरा. टिक.
बावन्न वर्षांचा मी, चष्म्यावर घाम,
तेरा वर्षांच्या हातोडीमागून धावत होतो.
थांबा, म्हणाली, थंड पडलं.
आवाज बदललाय की, ऐकू येत नाही?
एका कानानं नाही येत, म्हटलं.
मग दुसरा इकडे करा.

आकड्याला पीळ उलटा पडला, माझ्यामुळे.
आता तो वर्गात खिडकीच्या गजाला आहे,
त्यावर कुणाची तरी डब्याची पिशवी, रोज वेगळी.

एप्रिलमध्ये माहितीची वही भरून घेतली.
रकाना नववा: पालकांचा व्यवसाय.
गेली दोन वर्षं तिथं होतं, मजुरी.
या वर्षी तिनं लिहिलं,
घण (आई), सांडस (बाबा).
शाई ओली होती अजून.
मी बोट लावलं नाही.
वही तशीच उघडी ठेवली
आणि पुढच्या मुलाला म्हटलं,
थांब जरा.